माफीची घाई नेमकी कुणाला आहे?

पत्र

माझं वय अडतीस. लग्नानंतर ठाण्यात असते, माहेर कराडकडचं. नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गाडीच्या अपघातात गेला. गाडी त्याचा जिवलग मित्र चालवत होता आणि तो प्यायलेला होता. मित्राचा हात मोडला, पण तो वाचला. ढाब्यावरून निघाल्यापासून अपघात होईपर्यंत काय झालं, हे त्याने आम्हांला आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की 'काही आठवत नाही' म्हणतो. केस अजून चालू आहे. आता त्याचं लग्न ठरलंय.

गेल्या महिन्यात त्याचा व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आला. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला, त्या रात्री भाऊ स्वप्नात आला, हसला. 'त्याने मला माफ केलं ताई, आता फक्त तुम्ही राहिलात.' वाचून अंगाची लाही लाही झाली. आईने मात्र त्याला कधीच माफ केलंय. दिवाळीला तो येतो, पाया पडतो, ती त्याला पोटभर जेवायला घालते. येत्या पितृपक्षात भावाच्या तिथीला तो यायचं म्हणतोय. त्याच्या वडिलांना त्याच दिवशी 'केसबद्दल दोन शब्द' बोलायचे आहेत. मी नाही म्हटलं, तेव्हापासून सगळे माझ्या मागे लागलेत. परवा मिस्टरांनी 'द रेल्वे मॅन' हा सिनेमा लावला आणि संपल्यावर म्हणाले, 'बघ, त्याने छळ करणाऱ्याला मिठी मारली. तुला साधं दोन ओळींचं उत्तर देता येत नाही?' मी खरंच इतकी कोत्या मनाची आहे का? रात्री तीनला जाग येते, ती येतेच. कराडच्या अलीकडच्या त्या वळणावरून जाताना अजून डोळे मिटून घेते.

– नाव छापू नये

उत्तर

ताई, तुम्ही कोत्या मनाच्या नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचं पत्र वाचताना असं वाटलं की गेला महिनाभर तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या आहात आणि गाडी चालवणारा प्रेक्षकांत बसलाय.

आता त्या सिनेमाबद्दल. भोपाळच्या वायुकांडावरची अशाच नावाची मालिका अलीकडे येऊन गेली, ती नव्हे. 2013 चा, कॉलिन फर्थ आणि निकोल किडमनचा. मिस्टरांनी तो लावला हे एका परीने बरं झालं, कारण ज्याची ही गोष्ट आहे त्या एरिक लोमॅक्सचं पुस्तक मी वाचलंय, आणि त्यातला लोमॅक्स तुमच्या बाजूने उभा राहील अशी माझी खात्री आहे. सिनेमाने त्याला शेवटी मिठीपर्यंत आणून सोडलं. मिठीच्या आधी काय काय घडलं ते सिनेमाच्या दोन तासांत मावलं नाही, आणि काही ठिकाणी तर बदलूनच टाकलं.

लोमॅक्स एडिंबरोचा. लहानपणापासून आगगाड्यांचं वेड. ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल्स विभागात अधिकारी होता आणि फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला. थायलंड-बर्मा रेल्वेच्या कामासाठी कैद्यांना नेलं, त्यात तोही थायलंडमधल्या कांचनाबुरीला गेला. तिथे त्याने आणि सोबत्यांनी चोरून रेडिओ बनवला. तो 1943 मध्ये सापडला. त्यानंतरच्या मारहाणीत दोन अधिकारी मेले. लोमॅक्सचे दोन्ही हात मोडले, बरगड्या मोडल्या. पुढे लष्करी पोलिसांनी त्याची दिवसचे दिवस चौकशी केली, नाकातोंडात पाणी सोडलं. या सगळ्यात एक दुभाषा होता, नागासे ताकाशी. त्याने स्वतः मारलं नाही. प्रश्न विचारायचा आणि उत्तर भाषांतर करून सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण लोमॅक्सला कळणारी भाषा बोलणारा तिथे तोच होता. मारणाऱ्यांचे चेहरे पुसट झाले तरी लोमॅक्सच्या डोक्यात तो आवाज राहिला आणि पन्नास वर्षं त्याने द्वेष केला तो त्या आवाजाचा.

सिनेमात पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंत. त्याचा युद्धातला मित्र गळफास घेतो, मग हा सुरा घेऊन एकटा थायलंडला जातो, त्याच जागी नागासेचा हात मोडायला निघतो, त्याला पिंजऱ्यात कोंडतो आणि शेवटी सोडून देतो. पुस्तकात यातलं काही नाही. ना गळफास, ना सुरा, ना पिंजरा. पटकथा लिहिणाऱ्याची अडचण मी समजू शकते. खरी गोष्ट पोस्टाने घडली, आणि टपाल पडद्यावर काय दाखवणार?

पण तुमच्या कामाचं सगळं त्या टपालातच आहे.

युद्ध संपल्यावर नागासे स्वस्थ बसला नव्हता. दोस्त राष्ट्रांचं जे पथक रेल्वेच्या कडेने मेलेल्या कैद्यांच्या कबरी शोधत फिरलं, त्याच्याबरोबर तो दुभाषा म्हणून गेला. त्याने काय पाहिलं असेल याचा अंदाज करा: 415 किलोमीटरचा रस्ता आणि 12,000 हून अधिक युद्धकैद्यांचे मृत्यू. (आशियाई मजूर मेले त्याच्या कित्येक पट, अंदाजे 90,000. त्यात मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ हजारोंनी होते. त्यांच्या घरच्यांना 'माफ करा' म्हणायला कोण गेलं, हा प्रश्न मला हा सिनेमा पाहताना दर वेळी पडतो.) पुढे तो वारंवार कांचनाबुरीला जात राहिला, नदीजवळ बौद्ध मंदिर बांधलं, लष्करशाहीच्या विरोधात आपल्याच देशात उघडपणे बोलत राहिला. त्याच्या पश्चात्तापावर मी शंका घेणार नाही.

आणि त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात कांचनाबुरीच्या युद्ध-दफनभूमीत गेलो तेव्हाचा एक अनुभव आहे. अंगातून पिवळा प्रकाश चहूकडे फाकल्यासारखं झालं आणि वाटलं, आपल्याला क्षमा झाली.

हे पुस्तक लोमॅक्सच्या आणि त्याच्या बायकोच्या, पॅटीच्या हातात पडलं. नवरा रात्री किंचाळत उठतो, दिवसदिवस बोलत नाही, बिलांची पाकिटं न उघडता ठेवतो, हे सगळं बघत असलेली ही बाई. आणि जपानमध्ये बसून तो माणूस लिहितो की मला क्षमा झाली. कुणी केली? ज्याच्या नाकात पाणी सोडलं त्याला विचारलंत?

तुमच्या अंगाची लाही झाली ती याच जागी. मेसेजमधलं ते 'त्याने मला माफ केलं, आता फक्त तुम्ही राहिलात' हे वाक्य असं आहे की जणू निकाल लागून गेलाय, तुमची सही तेवढी बाकी. मेलेल्या माणसाच्या वतीने स्वप्नात सही आणली आणि ती जिवंत बहिणीला दाखवून म्हणतोय, बघा, त्याचं काही म्हणणं नाही. तो मुलगा मुद्दाम खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. स्वप्न पडलंही असेल. नऊ वर्षं असलं ओझं घेऊन जगणाऱ्याला असं स्वप्न पडावं यात नवल नाही. पण त्याचं स्वप्न त्याच्यापाशी. त्याची पावती तुमच्याकडे का पाठवायची?

पॅटीने काय केलं ते सांगते. तिने 1991 मध्ये नागासेला पत्र लिहिलं. शिव्या दिल्या नाहीत. माझा नवरा तोच कैदी आहे असं कळवलं आणि विचारलं, की या कैद्याने तुम्हांला अजून क्षमा केलेली नाही, मग तुम्हांला क्षमा झाल्यासारखं वाटलंच कसं? नागासेचं उत्तर आलं. त्यात 'पण मी तर फक्त दुभाषा होतो' नव्हतं, 'माझ्यावरही दबाव होता' नव्हतं, मी इतकी वर्षं किती पुण्य केलं याची यादी नव्हती. तुमच्या पत्राची सुरी काळजात आरपार गेली, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. ते उत्तर वाचून लोमॅक्सचा राग पहिल्यांदा ढळला. समोरासमोर भेट व्हायला त्यानंतरही दीडेक वर्ष गेलं. मार्च 1993 मध्ये ते क्वाय नदीच्या पुलापाशी भेटले, दोघांच्याही बायका सोबत होत्या. नागासे थरथरत होता. लोमॅक्सने जपानीत 'ओहायो गोझाइमासु, नागासे-सान, ओगेन्की देस का?', म्हणजे आपलं साधं 'नमस्कार, कसे आहात', एवढं म्हटलं. मग ते बसले, बोलले, दोघांना जे जे आठवत होतं ते ताडून पाहिलं. क्षमेचं पत्र त्याने तेव्हाही दिलं नाही. ते नंतर जपानमध्ये, टोकियोच्या हॉटेलच्या खोलीत, दोघंच असताना दिलं. त्यात लिहिलं होतं की 1943 मध्ये जे झालं ते विसरता येणार नाही, पण तुम्हांला मी पूर्ण क्षमा केली आहे.

क्रम बघा. आधी बायकोने विचारलेला रोखठोक प्रश्न, मग आडपडदा न ठेवता आलेलं उत्तर, मग भेट, मग आठवणींचा हिशेब आणि अगदी शेवटी क्षमा. तुमच्याकडे सगळे शेवटचं पान आधी उघडून बसलेत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ढाब्यापासून त्या वळणापर्यंत काय झालं हे तुम्हांला माहीत नाही. भावाने 'तू चालवू नकोस' म्हटलं होतं का? अपघातानंतर तो शुद्धीवर होता का, काही बोलला का? गाडी कितीच्या वेगात होती? नऊ वर्षं 'आठवत नाही'. डोक्याला मार लागून खरंच आठवत नसेल, असंही होतं. पण मग स्वप्नातला चेहरा इतका लख्ख आठवणाऱ्याने निदान ढाब्यावरून निघेपर्यंतचं तरी सांगावं. तुम्हांला माफी द्यायची आहे की नाही, हे तुम्हांला आज कळणं शक्यच नाही. कशाची द्यायची ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा उत्तर द्या, पण मिस्टर म्हणतात ते दोन ओळींचं नव्हे. व्हॉट्सॲपवर तर नकोच, तिथे निळी टिक दिसली की तासाभरात 'ताई प्लीज' सुरू होतं. कागदावर लिहा, पोस्टाने पाठवा. लिहा की तुझं स्वप्न तुझं, मला त्या रात्रीचं सांग. जेवढं आठवतं तेवढं, क्रमाने, स्वतःला न वाचवता. माफीबद्दल मी आज काहीच कबूल करत नाही. तुम्हांला लिहिणं जड जात असेल तर मिस्टरांना लिहायला सांगा. त्यांना या सिनेमातलं काही घ्यायचंच असेल तर पॅटीचं काम घ्यावं. तिने नवऱ्याला 'मन मोठं कर' म्हणून सुनावलं नव्हतं, त्याच्या वतीने समोरच्याला जाब विचारला होता.

मग उत्तराची वाट बघा. काय येतं त्यावरून तुम्हांला पुष्कळ कळेल. 'ताई, हे पुन्हा उकरून काय मिळणार' असं आलं, तर विषय संपला, निदान काही वर्षांपुरता. वाचताना हात कापतील असं काही आलं, तर पुढचं पुढे बघू, मला पुन्हा लिहा. त्याचं लग्न कधी आहे याचा तुमच्या उत्तराशी संबंध नाही. अक्षता पडायच्या आत पाटी कोरी करून हवी ही त्याची गरज झाली.

आणि त्या 'दोन शब्दां'बद्दल मला जरा वेगळीच शंका येतेय. कलम कोणतं लागलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं, जुन्या दंड संहितेतलं 304-अ, हा आपसात बसून मिटवता येण्याजोगा गुन्हा नाही. म्हणून मग लोक उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायला जातात, आणि तिथे मयताच्या घरच्यांचं 'आमची काही हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र फार कामाचं असतं. मुलाचा पश्चात्ताप खरा आणि बापाची धडपड कोर्टासाठी, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. पण तिथीच्या दिवशी, पानं वाढलेली असताना, रडवेल्या आईसमोर स्टॅम्प पेपर यायला नको. आईने याआधी कशावर सही केली आहे का, ते विचारून घ्या. पुढे काही आलं तर आपला वकील बघेपर्यंत कुणीही सही करायची नाही. नुकसानभरपाईचा दावा चालू असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा. आणि हे करताना 'आपण किती कोरडे' असं वाटून घेऊ नका. मनातून माफ करणं आणि खटला सोडणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकात जमा केलं म्हणून दुसऱ्यातून वजा होत नाही.

आता आई. इथे मात्र मी तुमच्या बाजूची नाही, म्हणजे पूर्ण नाही. आईने त्याला जेवायला वाढलं यात तुम्हांला भावाशी केलेली फितुरी दिसते, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी पत्रातून जाणवतं. तसं नसतं ते. मुलाचा शेवटचा दिवस ज्याने पाहिला असा तो एकच जिवंत माणूस आहे. कदाचित तिला त्याच्यात मुलगा दिसत असेल, कदाचित माफ केल्याशिवाय तिला घास गिळता येत नसेल. लोमॅक्सच्याच पिढीतलं उदाहरण देते. त्याने नागासेला क्षमा केल्यावर पाच वर्षांनी, मे 1998 मध्ये, जपानचे सम्राट अकिहितो लंडनला आले. रस्त्याच्या कडेला जपान्यांच्या छावण्यांतून वाचलेले म्हातारे सैनिक पदकं लावून उभे होते. शाही बग्गी आली तशी त्यांनी पाठ फिरवली. छळ तोच, वयं तीच. एकाने क्षमेचं पत्र दिलं, बाकीच्यांनी पाठ दाखवली, आणि त्यातलं कुणी खोटं नव्हतं. लोमॅक्सनेही क्षमा केली ती नागासेला, स्वतःपुरती. बाकीच्या कैद्यांच्या वतीने त्याने काही दिलं नाही. तुमच्या आईने तिच्या वाट्याची माफी दिली असेल. तुमच्या वाट्याची तिला देता येत नाही, आणि तिने दिलेली तुम्हांला परत घेता येणार नाही. तिला तिच्या दिवाळीवरून बोलू नका.

राहिलं ते तीन वाजताचं. नातेवाईक सांगतात की 'माफ करून टाक, झोप लागेल'. मला हा सौदा पटत नाही. झोपेचं आणि माफीचं गाठोडं एकत्र बांधू नका. सिनेमात जे अजिबातच नाही ते सांगते: पॅटी ही लोमॅक्सची दुसरी बायको. पहिलं लग्न युद्धाहून परतल्या परतल्या 1945 मध्ये झालं होतं, दोन मुली होत्या, आणि तो संसार त्या छावणीच्या सावलीत विस्कटला. त्या बाईने आणि मुलींनी काय भोगलं याला पडद्यावर एक चौकटसुद्धा मिळालेली नाही. मला सिनेमाचा सगळ्यांत मोठा दोष हाच वाटतो. लोमॅक्स स्वतः उपचाराला गेला तो साठी उलटून गेल्यावर, लंडनमध्ये छळपीडितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत. आणि हे नागासेला भेटण्याच्या आधी, माफीचा विचारही डोक्यात नसताना. आधी त्याला बोलता येऊ लागलं. कोणीतरी घाई न करता ऐकून घेतलं.

तुम्ही अडतीसच्या आहात, साठीची वाट बघू नका. अपघातात माणूस गेल्यावर वर्षानुवर्षं एका ठरावीक वेळी जाग येणं, त्या जागेवरून जाता न येणं, यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. ठाण्यात चांगले मानसोपचारतज्ज्ञ मिळतील. जायचं धाडस होत नसेल तर 14416 वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, रात्रीबेरात्री आणि मराठीत बोलता येतं. तीन वाजता जाग आली तर तीन वाजता लावा. तिथे 'मी त्याला माफ करू का' हा प्रश्न घेऊन जायची गरज नाही. झोप लागत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या सिनेमातलं एक वाक्य तुम्हांला घरात ऐकवलं जाईल, कदाचित ऐकवलं गेलंही असेल: द्वेष कधीतरी थांबायला हवा, अशा अर्थाचं. वाक्य लोमॅक्सचंच आहे आणि खरं आहे. पण ते त्याने स्वतःला म्हटलं, सत्तरी ओलांडल्यावर, सगळं विचारून आणि ऐकून झाल्यावर. दुसऱ्याला ऐकवायला ते वाक्य फार वाईट आहे. कुणी म्हटलं तर वाद घालू नका, 'तो पन्नास वर्षांनी म्हणाला' एवढंच सांगा आणि भाजी ढवळायला जा.

तिथीचं मात्र आजच्या आज ठरवा. घर आईचं, श्राद्ध तिच्या मुलाचं, म्हणून तो येऊ नये असं फर्मान तुम्ही काढू शकत नाही. पण तो येणार असेल तर तुम्ही सकाळी लवकर जाऊन, पानाला नमस्कार करून, तो यायच्या आत निघू शकता, किंवा एक दिवस आधी राहून येऊ शकता. तोंड चुकवल्यासारखं वाटलं तर वाटू दे. त्याच्या वडिलांना मात्र आईमार्फत निरोप जाऊ द्या की त्या दिवशी केसचं काही बोलायचं नाही, बोलायचं असेल त्यांनी वकिलाकडे यावं. आईला फोन करताना आधी तिची तब्येत विचारा, दिवाळीचा विषय काढू नका, आणि तिथीला पुरणपोळी कोण करणार ते ठरवून घ्या. तो निरोप त्याच्यानंतर सांगा, तोवर ती ऐकायच्या मनःस्थितीत आलेली असेल.